आवारातली सरकी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. निवृत्त मास्तराला घरात जी काही मानाची कामं मिळतात त्यातलं हे एक. नंबर हनीफचा होता, म्हणून नेहमीच्याच सुरात मी म्हणालो, "बोल बे गादीवाल्या." पलीकडून नसीमभाभींचा, म्हणजे हनीफच्या बायकोचा आवाज आला, "भाईसाब..." आणि त्यापुढं त्यांना बोलताच येईना. शेवटी त्यांच्या जावयानं फोन घेतला. अब्बा दुकानात बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले, गाडीत घालेपर्यंत सगळं संपलं होतं... मी चप्पल पायात अडकवली आणि निघालो. खामगावच्या भर बाजारातून मी चालत गेलो, आणि हनीफच्या दारात पोहोचल्यावर कुणीतरी माझ्या मुठीतली मेथीची जुडी हळूच सोडवून घेतली, तेव्हा कळलं की ती मी घरापासून तशीच घेऊन आलो होतो.

आता त्याचा चाळीसावा दिवसही होऊन गेला. हनीफ काही असा माणूस नव्हता की वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्यावर कुणी लेख लिहावा. तो गाद्या भरायचा. उशा, रजया, दिवाणाचे तक्के, लग्नातल्या आंदणाच्या गाद्या. त्याचं नाव कधी छापून आलं असेल तर ते फक्त त्याच्याच दुकानाच्या पाटीवर, आणि त्यातही पेंटरनं 'रजई'ची वेलांटी चुकवली होती. पण माझा मित्र तोच होता. माणसाला आयुष्यात असा एकच मित्र मिळतो, बाकीच्यांना आपण ओळखीचे म्हणतो. आणि तो गेल्यापासून मला जे होतंय, त्याला दुःख म्हणावं की काय, ठाऊक नाही. दुःख बसून राहतं. हे माझ्यामागं दिवसभर घरात फिरतं.

मी मूळचा दुसरबीडचा. खामगावच्या एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायची नोकरी लागली आणि मी एक ट्रंक, एक सतरंजी आणि वडिलांनी दिलेला बाबासाहेबांचा फोटो घेऊन इथं आलो. भाड्याच्या खोलीत फरशीवर झोपून पाठ धरली, म्हणून बाजारात पिंजाऱ्याचं दुकान शोधत गेलो. गल्ल्यावर त्याचे वडील होते, आणि आत कापूस पिंजायच्या मशीनजवळ माझ्याच वयाचा एक किडकिडीत पोरगा, भुवयांपासून मिशीपर्यंत कापसानं पांढरा झालेला. त्यानं माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "उताणा झोपता का कुशीवर?" मला वाटलं चेष्टा करतोय. मी तिरसटपणे म्हणालो, "कामून? तुला काय करायचंय?" तो खो-खो हसायला लागला. "कामून! अब्बा, पाह्यलं का, जालन्याकडचा हाय हा. आमच्यात काऊन म्हनतेत मास्तर, काऊन." मग मात्र त्यानं नीट समजावलं की कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याखाली जास्त भरण लागतं, उताण्याला कंबरेखाली, आणि त्याचे वडील हे विचारल्याशिवाय गादी शिवत नाहीत. मी कुशीवर झोपतो. ती गादी बायको आली तेव्हा बदलली, पण गादीवाला काही बदलला नाही.

त्यानंतर संध्याकाळी शाळा सुटली की माझी सायकल आपोआप त्याच्या दुकानाकडं वळायची. तो पाच वेळचा नमाजी आणि मी कशावरच विश्वास न ठेवणारा. भांडायला विषयांची कधी कमी पडली नाही. चौदा एप्रिलला तो मिरवणुकीत पाणी वाटायला उभा राहायचा आणि ईदला माझ्या घरी शिरखुर्म्याचा डबा यायचा, तो इतका मोठा की माझी बायको म्हणायची, भाभींना आपण सगळी वस्तीच वाटतो की काय. दुकानात बसायला खुर्ची नव्हती. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात आम्ही रुतून बसायचो, आणि घरी गेल्यावर माझी बायको माझ्या पाठीवरचा कापूस झटकत विचारायची, "आज किती भरून आलात?"

पस्तिशीच्या आसपास हनीफ वाळायला लागला. आधीच काडी, त्यात आणखी. पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त लोंबायची. पाण्याचा माठ एकटा संपवायचा. रक्त तपासलं तर साखर आभाळात. गोळ्यांनी काही होईना, तेव्हा इन्शुलिनची सुई सुरू झाली आणि ती कायमचीच. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुमच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, आता बाहेरूनच घ्यावं लागेल." खरंच होत नाही का, की थोडं होतं, हे त्यांनीही मोजलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मोजता येतं हेच आम्हाला कुठं ठाऊक होतं! हनीफनं सुईशी लवकर जमवून घेतलं. सुया टोचण्यातच जन्म गेलेला माणूस तो, म्हणायचा, "रजईले टोचत होतो, आता सोताले टोचतो. टाके तेवढे दिसत नाईत."

पण एक गोष्ट त्याला कधीच जमवून घेता आली नाही. त्याचे रोजे सुटले. पहिल्याच रमजानात त्यानं न सांगता रोजा धरला आणि दुपारी मशीनशेजारी कोसळला. शुद्धीवर यायला सलाइन लावावं लागलं. त्यानंतर मौलानांनी त्याला बसवून सांगितलं की आजाऱ्याला सूट आहे, जितके रोजे सुटतील तितके दिवस एका गरजवंताला जेवू घाला. तो ते चोख करायचा. रमजानभर रोज बाजारातल्या एखाद्या हमालाला, एखाद्या म्हातारीला डबा जायचा. पण त्याचं समाधान काही व्हायचं नाही. त्या महिन्यात तो दुपारी दुकानाच्या आत, कापसाच्या गाठोड्यांमागं बसून जेवायचा आणि मला उंबऱ्यात राखणीला बसवायचा. चावल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टोस्ट चहात पार भिजवून खायचा. मी वैतागायचो. "अरे, तुझ्या धर्मानंच तुला सूट दिलीय ना? मग चोरासारखा कामून खातोस?" तो म्हणायचा, "सूट भेटली बे मास्तर. भूक कुठं भेटली?"

हे मला फार उशिरा समजलं. साखर कमी झाल्यावर लागते ती भूक त्याला पुष्कळ ठाऊक होती, थरथर कापवणारी, घाम फोडणारी. त्याला ती नको होती. त्याला आपण होऊन धरलेली भूक हवी होती, बापाच्या मांडीला मांडी लावून लहानपणी धरलेली. संध्याकाळी गल्लीत सतरंजी अंथरली जायची, फळांची ताटं लागायची, आणि हनीफ सगळ्यांना पाणी देत, खजूर वाटत फिरायचा. बसायचा मात्र सतरंजीच्या पार टोकाला. अजान झाली की सगळ्यांचे हात खजुराकडं जायचे. त्याचा हात मांडीवरच असायचा. "मी त दुपारी जेवलो ना," असं एकदा तो माझ्या कानात बोलला होता, आणि मी, चार बुकं शिकलेल्या विज्ञाननिष्ठ माणसानं, हातातला खजूर परत ताटात ठेवला होता.

तीनेक वर्षांपूर्वी गावात मधुमेहाच्या एक नवीन डॉक्टर आल्या. तरुण, बोलायला मोकळ्या, आणि पेशंटला कागदावर चित्र काढून समजावण्याची सवय असलेल्या. मला चित्रं काढणारी माणसं आवडतात, फळ्यावरच आयुष्य गेलं माझं. हनीफच्या सोबत मी गेलो होतो. सगळं तपासून झाल्यावर हनीफनं हळूच विचारलं, "मॅडम, मले रोजा धरता येईन का? एकच. सगये नाही म्हनत मी." बाईंनी चटकन नाही म्हटलं नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "आधी हे बघू या की तुमचं स्वतःचं इन्शुलिन काही शिल्लक आहे का. अजिबात नसेल, तर माझं उत्तर नाहीच आहे. थोडं असेल तर बोलू."

हनीफ म्हणाला, "पन मी त रोज सुई घेतो. माह्या रक्तात आपलं कोनतं अन् बाटलीतलं कोनतं, कसं समजन?"

प्रश्न बिनतोड होता. बाईंनी कागद ओढला. त्यांनी सांगितलं ते असं : पोटात स्वादुपिंड असतं, त्यात बीटा पेशी असतात. त्या थेट इन्शुलिन बनवत नाहीत. आधी एक मोठा रेणू बनतो, मग तो तुटतो. तुटल्यावर एकीकडं इन्शुलिन आणि दुसरीकडं एक तुकडा, त्याचं नाव सी-पेप्टाइड. जेवढं इन्शुलिन, तेवढेच हे तुकडे. बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये मात्र हा तुकडा नसतो. म्हणून रक्तात तो सापडला तर खुशाल समजायचं की शरीर स्वतः इन्शुलिन बनवतंय, आणि किती सापडला यावरून किती बनवतंय तेही.

मला समजलं असं मला वाटत होतं. हनीफ कागदाकडं बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "मॅडम, हे त सरकी झाली!" बाई शहरात वाढलेल्या, त्यांना कळेना. मग खामगावच्या माणसानं त्यांना शिकवणी दिली. जिनिंगमध्ये कापूस जातो. एका बाजूनं रुई निघते, दुसऱ्या बाजूनं सरकी, म्हणजे बी. पण हनीफ दुकानात गाठीतली तयार रुई विकत आणतो, तिच्यात सरकी नसते. मग कुणाच्या आवारात सरकीचा ढीग दिसला की समजायचं, याच्या इथं जिनिंग चालू आहे. रुई बाहेरून कितीही येवो, सरकी खोटं बोलत नाही. बाई हसल्या. "अगदी बरोबर. आपण तुमच्या आवारात सरकी शोधायची."

त्यांनी तपासणीचा दिवस दिला आणि सांगितलं, "सकाळी नेहमीसारखा पोटभर नाश्ता करा, आणि त्यानंतर दोन तासांनी रक्त द्यायला या." सोपं सांगणं होतं. पण साखरेचा जुना पेशंट आणि तपासणी यांचं नातं बाईंना अजून पुरतं ठाऊक नव्हतं. आमच्याकडं तपासणी म्हणजे परीक्षा. एरवी लग्नाच्या पंगतीत जिलबीवर आडवा हात मारणारा माणूस रक्त द्यायच्या आधी आठवडाभर कारल्याचा रस पितो, म्हणजे रिपोर्ट चांगला यावा आणि डॉक्टरनं रागावू नये. हनीफचं तर सारं जगणंच त्या रिपोर्टवर टांगलेलं. त्यानं घरात कुणालाही न सांगता स्वतःची एक युक्ती काढली. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या आधी बैलाला कामाला लावत नाहीत, आराम देतात, तेव्हा तो पळतो. तसाच आपल्या स्वादुपिंडाला आराम द्यायचा. म्हणून तो आदल्या रात्री जेवला नाही, सकाळी नाश्त्याला हात लावला नाही, आणि सुई मात्र नेहमीची घेऊन, पोटाला चिमटा घेऊन रक्त द्यायला गेला. येताना मला भेटला तेव्हा त्याचे हात थंडगार होते. "उन्हानं झालं," म्हणाला. फेब्रुवारीत!

रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्ट आला आणि दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर सांगून टाकलं, "फार कमी आलंय काका, जवळजवळ नाहीच. मॅडम सुट्टीवरून आल्या की दाखवून घ्या." त्या आठवड्यात मी हनीफला जसं पाहिलं, तसं त्याआधी फक्त त्याचे वडील गेले तेव्हा पाहिलं होतं. तो गाद्या भरत होता, गिऱ्हाइकांशी बोलत होता, पण चेष्टा बंद होती. मी मुद्दाम दुसरबीडचं बोलून पाहिलं, तरी हसला नाही. शेवटी एका संध्याकाळी म्हणाला, "आवार साफ हाय मास्तर. एक दाना सरकीचा नाही. इतके वर्स मले वाटे, काही त असन आपलं सोताचं... सारं इकतचंच निंगालं." मी त्याच्या बाह्यांवरचा कापूस काढत बसलो.

बाई परत आल्यावर आम्ही रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी तो पाहिला, भुवया चढवल्या आणि बोट दुसऱ्याच ओळीवर ठेवलं. त्याच वेळी काढलेल्या रक्तातली साखर त्या ओळीत होती, आणि ती साठच्याही खाली होती. "तुम्ही जेवून आला होता?" त्यांनी विचारलं. हनीफ डोक्यावरची टोपी नीट करू लागला. "खरं सांगा." मग बैलाची सगळी गोष्ट बाहेर आली. बाईंनी कपाळावर हात मारला, पण त्यांच्या तोंडावर हसू होतं. "अहो, साखर इतकी कमी असताना तुमच्या पेशींनी इन्शुलिन बनवायचंच कशाला? कापसाची गाडीच फाटकात आली नाही, तर जिनिंग चालेल का? आणि चाललं नाही, तर सरकी कुठून पडेल?"

हनीफनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. "म्हनजे... बंद नाही?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "या रिपोर्टवरून कुणालाच कळणार नाही. पुन्हा करू. आणि या वेळी जेवून यायचं."

जेवणाची जबाबदारी भाभींनी घेतली. नवऱ्याला समोर बसवून त्यांनी दोन पराठे, अंडं, वर दूध, असं सगळं खाऊ घातलं आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. साक्षीदारालाही तेवढंच खावं लागलं. हनीफ घास घेताना पोटाकडं बघून म्हणत होता, "घे लेका, गाडी आली. चाल आता." भाभी पदरात तोंड लपवून हसत होत्या. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी त्याला 'आणखी खा' म्हटलं नव्हतं.

दुसरा रिपोर्ट बाईंनी स्वतः वाचून दाखवला. "कमी आहे. निरोगी माणसाच्या मानानं बरंच कमी. पण आहे." त्यापुढं त्या पुष्कळ बोलल्या, की इन्शुलिन थांबवायचं नाही, एवढ्यावर भागणार नाही, पण स्वतःचं थोडं असलं की साखरेचे हेलकावे जरा कमी बसतात. हनीफच्या कानात एकच शब्द शिरला होता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, पानवाल्यापाशी, मशिदीच्या कोपऱ्यावर, ज्यानं ज्यानं विचारलं त्याला तो सांगत सुटला, "आहे! अजून आहे!" निम्म्या बाजाराला वाटलं असेल याला गुप्तधन सापडलं.

बाईंनी त्याला रमजानातल्या एका दिवसाची परवानगी दिली, तीही नाखुशीनं आणि अटी घालून. सुईचा डोस त्या ठरवतील. दिवसभर काम करायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं बोटाला टोचून साखर बघायची. टोचल्यानं रोजा तुटत नाही हे त्यानं मौलानांना आधीच विचारून ठेवलं होतं. आणि आकडा सत्तरच्या खाली गेला, तर मिनिटभरही थांबायचं नाही, तिथंच साखरेचं पाणी प्यायचं. "सोबत कोण राहील?" बाईंनी विचारलं. हनीफनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हा मास्तर. हा देवालेही सोडत नाही, मले काय सोडन."

त्या दिवशी मी उजाडताच त्याच्याकडं गेलो. तो पांढऱ्या शुभ्र कपड्यांत दुकानाच्या आत कापसावर बसला होता, मशीन बंद, दार अर्धं लोटलेलं. शुगरची मशीन माझ्या ताब्यात. सकाळ छान गेली. दुपारीही आकडा बरा होता. दिवसभरात मीही काही खाल्लं नाही. श्रद्धा वगैरे नव्हे, त्याच्या तोंडासमोर खायची लाज वाटली. त्यानं ते ओळखलं. "तू काऊन उपाशी बे? तुले सवाब भेटनार नाही, आधीच सांगून ठेवतो." मी म्हणालो, "मला पुण्याची गरज नाही, माझं वजन कमी करायचंय." तो हसला, आणि मग बराच वेळ डोळे मिटून बसला. त्याच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे पाहिलं, ते समाधान होतं. ओठ सुकलेले, गाल आत गेलेले, आणि तरीही... "हेच," तो डोळे न उघडता म्हणाला. "हेच पाहिजे होतं. अब्बाजवय बसल्यासारखं वाटून राह्यलं."

असरची नमाज झाली. मगरिबला, म्हणजे रोजा सोडायला तासाभराचाच अवकाश राहिला. बाहेर गल्लीत सतरंजी अंथरल्याचा, ताटांचा आवाज येत होता. मला त्याच्या कपाळावर घाम दिसला. मी त्याचं बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीवर लावला. मशीन आकडे उलटे मोजते आणि मग उत्तर देते. तेवढ्या वेळात मी, ज्यानं जन्मात कुणाला हात जोडले नाहीत त्या माणसानं, मनातल्या मनात कुणाला तरी विनवलं.

चौसष्ट.

"किती?" त्यानं विचारलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते. पडदा फक्त मलाच दिसत होता. बाहेर कुणाचं तरी पोर हसत होतं. एवढासा एक तास... मी त्याला चौऱ्याहत्तर सांगितलं असतं, तर त्यानं विश्वास ठेवला असता.

"चौसष्ट," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले. रागावला नाही. माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली, "बिस्मिल्ला" म्हणाला आणि हात पुढं केला. साखरेच्या पाण्याचा पेला मी त्याच्या हातात दिला. पेला सांडू नये म्हणून मीही हात लावला, आणि दोघांनी मिळून तो रोजा सोडला. पाणी पिऊन झाल्यावर त्याचे डोळे भरून आले. माझेही. "तू खोटं बोलला असता त आज मी मेलो असतो, मास्तर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पन बोलला असता त..." आणि पुढचं बोललाच नाही. ते वाक्य अजून तसंच अर्धं आहे. आता कुणी पुरं करणार नाही.

त्याला उभारी द्यायला मी भूगोल काढला. म्हटलं, "हे बघ, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. सरकत सरकत काही वर्षांनी तो डिसेंबरात येईल. डिसेंबरात आपल्याकडं सूर्य पावणेसहालाच बुडायला निघतो, उगवतोही उशिरा. अख्खा दिवस तासाभरानं लहान. तुला एक तासच कमी पडला ना? तो तास तुला पृथ्वी देणार आहे." हनीफनं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरंच बे? का मास्तरकी करून राह्यला?" मी कापसातून उठून कापड आखायच्या खडूनं भिंतीवर सूर्य काढला, कललेली पृथ्वी काढली आणि त्याला सगळं समजावलं.

त्यानंतर तो त्या डिसेंबरसाठी जगत होता, असं म्हटलं तर खोटं ठरणार नाही. पथ्य कधी नव्हे इतकं कडक झालं. संध्याकाळी फिरायला लागला. बाईंनी पुढच्या वर्षीच्या रमजानला साफ नाही सांगितलं, "डिसेंबरात येईल तेव्हा बघू," म्हणाल्या, तर हा पठ्ठ्या खूश. "मॅडमनं टाइम देल्ला हाय!" वर्षानं त्यानं मागं लागून पुन्हा सी-पेप्टाइड करून घेतलं, या वेळी पोटभर जेवून. अजूनही होतं. जेवढं आधी होतं जवळपास तेवढंच. "टिकून हाय सरकी," तो मला सांगायला घरी आला, "तुह्या पृथ्वीले सांग, लवकर फिर." आणि भेटला की विचारायचा, "डिसेंबराले किती राह्यले बे?" मी सांगायचो. आकडा दरवर्षी एकानं कमी व्हायचा आणि त्याचा चेहरा तेवढा खुलायचा.

त्याचं सारं लक्ष स्वादुपिंडाकडं, माझंही. हृदयाकडं कुणाचं लक्ष नव्हतं...

तो डिसेंबर येईलच. मी शिकवलेल्या गोष्टींपैकी तेवढी एक पक्की आहे. सूर्य दक्षिणेकडं जाईल, खामगावच्या गल्लीत पावणेसहाला अजान होईल, लोक खजुराकडं हात नेतील. मी असेन की नाही, ठाऊक नाही. असलो तर त्या दिवशी मी कुठं बसू, हे मला कळत नाही. त्याची इतकी सवय झालीय की सकाळी उठल्यावर मला आधी त्याला सांगायच्या गोष्टी आठवतात आणि मग तो नसल्याचं आठवतं. रोज हाच क्रम. तो उलटा होईल म्हणतात. होऊ नये असं वाटतं.

चाळीसाव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर भाभी आतून त्याची शुगरची मशीन घेऊन आल्या. "भाईसाब, हे तुमी ठेवा. तुमालेबी लागतेच ना आता." खरं आहे, मागच्या वर्षी मलाही साखर निघाली, तेव्हा हनीफनं 'बिरादरीत आला' म्हणून बिनसाखरेचा चहा पाजला होता. घरी येऊन मी मशीन सुरू केली. बाजूचं बटण दाबलं की मागचे आकडे दिसतात. सर्वांत वर तो गेला त्या सकाळचा. चांगला होता, एकशे अठरा. मग आदल्या आठवड्याचा. मग त्याच्या आधीचा. मी दाबत दाबत मागं गेलो, त्याच्या एकेका सकाळीतून, आणि पार तळाशी जवळजवळ संपतच आलं होतं तेव्हा ते आलं. चौसष्ट. त्याच्या थेंबाचा, माझ्या हातानं घेतलेला.

सोबतचं माहितीपत्रक मी वाचलं, मास्तर असल्यामुळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मशीनमध्ये ठरावीक आकडेच मावतात. ती भरल्यावर नवा आकडा आला की सगळ्यात जुना निघून जातो. म्हणजे मी माझं रक्त त्यात घालायला लागलो, तर हनीफ एकेका थेंबानं बाहेर जाईल, आणि सर्वांत आधी तो रोजा. मी स्वतःसाठी दुसरी मशीन आणली. हनीफची उशाशी असते. परवा तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात सेल संपत आल्याची खूण लुकलुकायला लागली. सेल बदलला तर आतले आकडे राहतात की जातात, हे पत्रकात लिहिलेलं नाही. दुकानदाराला विचारायला मी दोनदा निघालो, आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेतून परत आलो.